तगरचा पत्ता

धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी तेर आहे. इथे येणारे बहुतेक जण संत गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेतात आणि परततात. तुम्ही आज जरा वाट वाकडी केलीत आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात शिरलात. काचेआड मण्यांच्या ओळी आहेत. सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीचे दिवे आणि बाहुल्या आहेत.

त्यांतल्या एका बाहुलीपुढे उभे राहा. पांढुरक्या मातीची बाई. नाक झिजलंय, पण कानातलं अजून ओळखू येतं, आणि केसांची मांडणी अशी नेटकी की ती करायला सकाळचा निम्मा वेळ गेला असेल. अशा वस्तूची पाटी वाचायला पाच सेकंद पुरतात: स्त्री-प्रतिमा, सातवाहनकाल. तेवढ्यात पाहुणे पुढच्या कपाटाशी पोचलेले असतात. तुम्ही थांबा. ही बाई जमिनीतून वर आली आहे. तिला भेटायचं तर आपल्याला खाली उतरावं लागेल. उतरताना एकच प्रश्न बरोबर ठेवा: हिचा पत्ता काय?

१९५८: खड्ड्यात

पहिली पायरी फार खोल नाही. तुम्ही मजूर आहात, हातात लहान कुदळ आहे, शेजारी घमेलं. जमिनीवर दोऱ्या ताणून आखलेला चौकोन आहे आणि तुम्ही त्यात कमरेइतके उतरला आहात. घाई करायची नाही, अशी सक्त ताकीद आहे. मातीचा रंग बदलला की हात थांबवायचा. राखेचा पट्टा लागला तर थांबायचं, चोपलेली जमीन लागली तर थांबायचं.

कुदळीच्या टोकाशी काही तरी लाल दिसतं. मणी. तुमचा हात पुढे जातो, पण वरून हाक येते, "राहू द्या!" आधी मोजमाप होतं. वरच्या कडेपासून किती खोल, चौकोनाच्या कोणत्या भिंतीपासून किती दूर, कोणत्या थरात. मग तो मणी कागदी पाकिटात जातो आणि पाकिटावर हे सगळं लिहिलं जातं.

एका मण्यासाठी एवढा सोपस्कार का, असं तुम्हाला वाटतं. दुपारी त्याच थरात एक नाणं निघतं आणि उत्तर मिळतं. नाण्यावरून थराचा काळ लागला की मण्याचाही लागतो. मण्याशेजारची चूल, चुलीशेजारचं खापर, सगळ्यांचाच लागतो. बी. एन. चापेकर यांनी या उत्खननाचा अहवाल लिहिला, तो १९६९ साली पुण्याहून प्रसिद्ध झाला. पुढेही तेरला अनेकदा उत्खननं झाली. दर वेळी जमिनीतून वर आलेल्या वस्तूंबरोबर त्यांचे पत्तेही वर आले.

त्याआधीचा एक पावसाळा

आता तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि पायांत काही नाही. रात्रभर पाऊस झाला आहे. गावाला लागून टेकाडं आहेत, कोट, बैराग अशा नावांची. त्यांची माती पांढरी. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. शेकडो वर्षं इथे चुली पेटल्या, भिंती पडल्या, राख साचली, त्यावर पुन्हा घरं उठली. ती पांढरी माती माळवदावर घालायला चांगली, भिंती लिंपायला चांगली, शेतात टाकायलाही चांगली. म्हणून लोक टेकाड उकरतात, कडा उघड्या पडतात आणि प्रत्येक पाऊस त्या कडांतून काही ना काही बाहेर काढतो.

घळीत लाल ठिपका चमकतो. तुम्ही अंगठ्याने चिखल पुसता. मणी! आरपार भोक, भोकात अजून माती. उन्हाकडे धरला तर आतला लाल रंग उजळतो. मूठ आवळून तुम्ही पळत सुटता. असल्या वस्तू जपणारे रामलिंगप्पा लामतुरे याच गावात आहेत. इतरांना जे फुटकं खापर, ते त्यांना मोलाचं. गावात, शेतात, नदीकाठी मिळालेल्या हजारो वस्तू त्यांच्यापाशी जमल्या. हा संग्रह पुढे शासनाकडे गेला आणि त्याच्यावरच हे संग्रहालय उभं राहिलं.

महाराष्ट्रातल्या इतर संग्रहालयांच्या जन्मकथा आठवा. औंधचं संग्रहालय एका संस्थानिकाच्या रसिकतेतून झालं, पुण्याचं केळकर संग्रहालय एका माणसाच्या गावोगावच्या भटकंतीतून. तेरचं आलं एकाच गावाच्या पांढरीतून. रामलिंगप्पांचा हा ध्यास नसता, तर या वस्तू कधीच व्यापाऱ्यांच्या हातून चारी दिशांना गेल्या असत्या.

पण तुमच्या मुठीतल्या मण्याकडे पुन्हा पाहा. खड्ड्यातल्या मण्याचा हा सख्खा भाऊ. तोच दगड, तीच कारागिरी. पावसाने मात्र याला त्याच्या थरातून सोडवून घळीत आणलं आहे. तो कोणाच्या घरातला, कोणत्या शतकातला, त्याच्या शेजारी काय होतं, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. गाव कळलं, घर हरवलं.

१९०१: हरवलेलं शहर

एका मण्याचंच असं झालं असं नाही. एक अख्खं शहर आपला पत्ता हरवून बसलं होतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कोण्या ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ते पुस्तक ओळखलं जातं. त्यात भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं नगर आहे. टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे. पैठण तर जिथल्या तिथे आहे. मग तगर कुठे गेलं?

एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी नकाशे पालथे घातले. कोणी जुन्नर म्हटलं, कोणी देवगिरी, कोणी धारूर, कोणी कोल्हापूर. अखेर १९०१ साली जॉन फेथफुल फ्लीट यांनी तेरकडे बोट दाखवलं. अंतर जुळत होतं आणि नावही जवळचं होतं. दिशा तेवढी थोडी चुकत होती, कारण तेर पैठणच्या नेमकं पूर्वेला नसून आग्नेयेला आहे. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स तेरला येऊन गेले आणि खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात त्यांचा तेरवरचा लेख आला.

समजा, तुम्ही त्यांच्या मोजपट्टीचं दुसरं टोक धरून उभे आहात. साहेब गावातल्या त्रिविक्रमाच्या देवळाला फेरी मारतात, मागे जातात, पुन्हा पुढे येतात, पुन्हा मागे जातात. तुम्ही लहानपणापासून या देवळात येता. त्यात एवढं पाहण्यासारखं काय, ते तुम्हाला कळत नाही. ते पुढे कळेल. आणखी खाली चला.

गोरोबांच्या अंगणात

यादवांचं राज्य आता सरायच्या बेतात आहे. तुम्ही एका कुंभाराच्या अंगणात बसला आहात. एका बाजूला मळलेल्या मातीचा ढीग, दुसरीकडे अर्ध्या वाळलेल्या मडक्यांच्या ओळी, पलीकडे आवा रचून ठेवलेला. याच अंगणात विठ्ठलाच्या नामात हरपलेल्या गोरोबांच्या पायांखाली त्यांचं तान्हं मूल चिखलात तुडवलं गेलं, ही कथा तुम्ही कीर्तनात ऐकली आहे. ती आठवून बसल्या जागी पाय आखडून घेता.

आज संत जमले आहेत. मुक्ताबाई कोपऱ्यातलं थापटणं पाहून विचारते, हे कशाचं? मडकं पक्कं की कच्चं ते पाहायचं, गोरोबा सांगतात. मग आम्हालाही पाहा की, असा आग्रह होतो. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत पुढे सरकतात. नामदेवांना राग येतो आणि निकाल लागतो: हे मडकं कच्चं.

पुराव्याच्या कसोटीवर ही कथा सिद्ध करता येणार नाही, पण या गावचा इतिहास सांगायचा तर तिला टाळूनही चालणार नाही. तेरच्या पांढरीत किमान दोन हजार वर्षांची खापरं आहेत. माती मळण्यात आणि भाजण्यात इतकी मुरलेली ही वस्ती. तिला लाभलेला संतही कुंभार असावा आणि त्याने माणसंही मडक्यांसारखी पारखावीत, यात नवल नाही. काचेआडचं खापर आणि समाधीपुढचा अभंग यांचं नातं इथेच उमगतं. म्हणून तेरला आलात तर दर्शन आणि संग्रहालय यांतलं एक निवडू नका.

राजांनी नेलेलं नाव

आणखी शंभर-दोनशे वर्षं मागे. इथे तुम्हाला तेर सोडून कोल्हापुराकडे जावं लागेल. शिलाहार राजाच्या दानपत्राचं वाचन चाललं आहे. राजाच्या बिरुदांची लांबलचक माळ आहे आणि तीत एक शब्द येतो: तगरपुरवराधीश्वर, म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगराचा स्वामी. ठाण्याचे शिलाहारही असंच बिरुद मिरवतात. यांची राज्यं कोकणात आणि कोल्हापुरात, तरी अभिमान सांगायचा तो तगरचा.

जैन परंपरेलाही हे गाव माहीत आहे. कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूर येतं. नाव असं राजांच्या बिरुदांतून आणि कवींच्या ग्रंथांतून फिरत राहिलं, आणि ज्याचं ते नाव होतं ते नगर टेकाडाखाली निजलं.

विटांच्या कमानीखाली

आता त्रिविक्रमाच्या देवळात या, पण ते देऊळ होण्याआधी. समोरून आत शिरलात की भिंती सरळ जातात, आणि टोकाशी अर्धवर्तुळात वळून एकमेकींना मिळतात. वर विटांचं कमानदार छत. हत्तीच्या पाठीसारखं म्हणून याला गजपृष्ठाकृती म्हणतात. कार्ल्याचं किंवा भाज्याचं लेणं तुम्ही पाहिलं असेल, तर हा आराखडा ओळखीचा वाटेल. तिथे तो डोंगर कोरून केला आहे, इथे वीट वीट रचून. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे मुळात बौद्ध चैत्यगृह. तिथल्या वळणाशी तुम्ही स्तूपाला प्रदक्षिणा घालता.

डोळे मिटा, काही शतकं वर या आणि डोळे उघडा. स्तूप नाही. त्याच्या जागी तीन पावलांत जग व्यापणारा विष्णू उभा आहे. भिंती त्याच आहेत. देव बदलला, उपासक बदलले, तरी वास्तू वापरात राहिली, आणि वापरात राहिली म्हणूनच टिकली. विटांत बांधलेली अशी जुनी, अजून उभी असलेली चैत्यगृहं देशात विरळाच. आंध्रातल्या चेजर्ल्याचं कपोतेश्वर मंदिर हे असंच एक. कझिन्स साहेब पुन्हा पुन्हा मागे का जात होते, ते आता लक्षात आलं असेल.

इथे विटेचंही कौतुक आहे. तेरच्या काही जुन्या विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. वीट भाजताना मातीतला भुसा जळून जातो, जागोजाग पोकळी राहते, आणि अशी वीट कमानीवर भार टाकत नाही. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच. त्याची कोरीव लाकडी चौकट संग्रहालयात ठेवली आहे. ती पाहताना लक्षात घ्या की या वस्तूचा पत्ता शाबूत आहे. मूळ दार कुठे होतं, ते चालत जाऊन पाहता येतं.

तगर

आता तळाला पोचलात. इसवी सनाचं पहिलं शतक, सातवाहनांचं राज्य. तुम्ही मूर्तिकार आहात आणि हाताशी मऊ पांढरी माती आहे. दोन साचे आहेत, एक पुढचा, एक मागचा. दोन्हींत माती दाबून बसवता, कडा ओल्या करून जोडता, सांध्यावरून बोट फिरवता. आतून पोकळ, हलकी बाई तयार होते. केसांचा थाट साच्यातच कोरलेला आहे. संग्रहालयातली ती ही अशीच झाली.

ही देवी आहे की खेळणं की शोभेची वस्तू? तुम्हाला ते पक्कं ठाऊक आहे, कारण कोण विकत नेणार हे तुम्हाला माहीत आहे. दोन हजार वर्षांनंतरच्या अभ्यासकाला ते कळायचं तर बाहुली देवघरात सापडली, की मुलाच्या अंथरुणाजवळ, की तुमच्या कारखान्याच्या उकिरड्यात, हे आधी कळायला हवं. थर हरवला की हे उत्तरही हरवतं.

बाजारात चला. समुद्र इथून तीनशे किलोमीटरहून दूर आहे, तरी शंखाच्या बांगड्या विकायला आहेत. एका बाईच्या गळ्यात मातीचं पदक आहे, त्यावर रोमन नाण्याची नक्कल. खरं सोनं परवडत नाही, पण परदेशी चेहरा गळ्यात मिरवायची हौस आहे. पलीकडे कापडाचे गठ्ठे बांधले जात आहेत. तगरहून साधं कापड पुष्कळ येतं, शिवाय तलम मलमलही येते, असं पेरिप्लसकाराने लिहिलं ते याच मालाबद्दल.

आता तुम्ही गाडीवान आहात. बैल जुंपले, गठ्ठे चढवले, निघालात. तेर ते पैठण सरळ रेषेत साधारण दीडशे किलोमीटर. दहा दिवसांत भागवायचं म्हणजे रोजचे पंधरा. बैलगाडीला झेपेल एवढीच ही चाल, आणि म्हणूनच तो ग्रीक हिशेब विश्वासाचा वाटतो. पेरिप्लसकार म्हणतो, या मुलखात धड रस्ते नाहीत. ते तुमच्या कमरेला त्याच्याआधी कळलं आहे. पैठणला रंगीत मौल्यवान दगडांचा माल भरला जातो. मग आणखी वीस दिवस, आणि भडोच. तिथे खाडीत गलबतं उभी आहेत. तुमची वाट इथे संपते, मालाची इथून सुरू होते.

इ. स. ७९: दूरचं घर

मालामागे थोडं पुढे जाऊ. इटलीतलं पाँपेई. व्हेसूव्हियस फुटला आणि हे गाव राखेखाली गेलं. १९३८ साली तिथल्या एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर दागिन्यांखेरीज काही नाही, दोन्ही बाजूंना छोट्या सेविका. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाली, आणि भोकरदनलाही.

या तिघींचे पत्ते जुळवून पाहा. पाँपेईची मूर्ती कोणत्या घरात होती आणि ते घर कधी गाडलं गेलं, हे पक्कं माहीत आहे. ती जन्मली कुठे, ते मात्र माहीत नाही. तिच्यावरचं खरोष्ठी अक्षर वायव्य भारताकडे बोट दाखवतं, तर तेर आणि भोकरदनच्या तिच्या बहिणी दख्खनकडे ओढतात. वाद अजून मिटलेला नाही. 'ही आमच्या तेरहून गेली' असं छाती फुगवून सांगण्याचा मोह होतो, पण पुरावा तेवढं म्हणू देत नाही. चांगल्या संग्रहालयाने अशा ठिकाणी थांबावं आणि दोन्ही शक्यता पाहुण्यापुढे ठेवाव्यात.

वर आल्यावर

मराठवाड्याबद्दल बोलताना दुष्काळ, टँकर आणि मागासलेपण यांपलीकडे बोलणं सहसा जात नाही. तेरचं संग्रहालय त्याच मातीतून वेगळी साक्ष काढतं. इथलं कापड समुद्रापार जात होतं, इथल्या नगराच्या नावावर दूरचे राजे मिरवत होते, आणि इथल्या कुंभाराने संतांची पारख केली. मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांत याहून देखण्या वस्तू आहेत. तेरला मात्र वस्तू पाहून बाहेर पडलात की काही मिनिटांत त्या जिथून आल्या त्या टेकाडाशी उभं राहता येतं. स्थानिक संग्रहालयाचं खरं बळ हेच, आणि ते वापरलं गेलं पाहिजे. कपाटात मण्यांजवळ मणी आणि नाण्यांजवळ नाणी मांडून काम संपत नाही. प्रत्येक कपाटाजवळ गावाचा नकाशा हवा, कोणत्या टेकाडातून काय आलं ते दाखवणारा. एखादा थरही मांडून दाखवावा: चूल, खापर, मणी आणि नाणं, सगळे एकत्र, जसे निघाले तसे.

उरलेलं काम आपलं. घराचा पाया खणताना, विहिरीचा गाळ काढताना, पांढरी उकरताना काही निघालं, तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका आणि विकू तर नकाच. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे. पण कायद्याच्याही आधी एक साधी गोष्ट करा. वस्तू हलवण्यापूर्वी तिथेच तिचा फोटो काढा, कोणत्या शेतात, किती खोल, शेजारी काय होतं ते कागदावर लिहा, आणि तो कागद वस्तूबरोबर जवळच्या संग्रहालयापर्यंत पोचवा.